पालक होण्याची पात्रता : कुठे लागते, कुठे नाही

पोटी मूल होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. दत्तक घेताना मात्र पात्रता सिद्ध करावी लागते. हैदराबादच्या युसुफगुड्यातल्या शिशुविहार या शिशुगृहातलं बाळ हवं, तरी आधी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी. मग सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन उत्पन्न, आरोग्य, नातेसंबंध पाहतात. २०२२च्या नियमांनुसार जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा, मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. सरोगसीलाही २०२१च्या कायद्याने पात्रता-प्रमाणपत्र सक्तीचं केलं.

हा भेद का? अनाथ मुलाची जबाबदारी सरकारवर असते. ते कुणाच्या हाती सोपवायचं, हे सरकारलाच ठरवावं लागतं. जन्मदात्यांच्या बाबतीत कायदा नंतर येतो : हेळसांड झाली, तर बाल कल्याण समिती दखल घेते.