पाच सप्तमांश

बंगळुरूत कोरमंगलाकडून निघणारा सर्जापूर रोड म्हणजे आयटीवाल्यांचा रस्ता. दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय, पुढे गृहसंकुलांची रांग, आणि या सगळ्यातून मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनं. इथल्या मराठी घरांत बारावीनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. पण सर्जापूरच्या बाजूला, बुरुगुंटे गावात, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. ते २०१० साली कर्नाटकच्या कायद्यान्वये स्थापन झालं आणि २०१५ पासून तिथे पदवीचे वर्ग सुरू झाले. तिथे बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणाऱ्याला मुख्य विषयाबाहेरचेही वर्ग करावे लागतात. पालक कपाळाला आठ्या घालून विचारतात, फिजिक्सवाल्याला हे कशाला?

आता हा प्रश्न एका विद्यापीठापुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत, चार वर्षांच्या पदवीला १६०. त्यांतले ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय विषयांचे, आणि बारावीला झालेला विषय तिथे पुन्हा घेता येत नाही. म्हणजे काहीतरी अगदी शून्यापासून शिकायचं. माझं मत विचाराल तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने संधी मिळेल तिथे एखादी कोरी भाषा घ्यावी. पोर्तुगीज मिळाली तर फारच उत्तम. त्याचं कारण अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन.

फाइनमन आधी थोडी स्पॅनिश शिकला होता. ब्राझीलचं बोलावणं आलं, तेव्हा ती बाजूला सारून त्याने घाईघाईने पोर्तुगीज धरली. १९४९ साली तो रिओला पोहोचला. तिथल्या विज्ञान अकादमीत ब्राझीलचे शास्त्रज्ञ पाहुण्यासाठी म्हणून मोडक्या इंग्रजीत बोलले, आणि पाहुणा उठला तो मोडक्या पोर्तुगीजमध्ये. पुढे १९५१-५२ मध्ये त्याने तिथे बरेच महिने शिकवलं, तेही पोर्तुगीजमध्येच.

त्या वर्गांत त्याला जे दिसलं ते आपल्याला परकं नाही. ध्रुवीभूत प्रकाशाची व्याख्या मुलांना तोंडपाठ होती. प्रकाश विशिष्ट कोनातून परावर्तित झाला की ध्रुवीभूत होतो आणि त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे अपवर्तनांक, हेही ती धडाधडा सांगत. पण ध्रुवकाच्या पट्टीतून खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघा म्हटल्यावर वर्ग गप्प. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे कोन ५३ अंशांचा. पावसाने ओल्या झालेल्या सर्जापूर रोडवर ध्रुवक गॉगल घालणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवरची तिरीप कमी होते, ती याच नियमाने.

जाण्याआधीच्या भाषणात त्याने एक पाठ्यपुस्तक मधूनच कुठेतरी उघडलं. उतारावरून गोळी सोडण्याचा प्रयोग निघाला, मोजमापांच्या कोष्टकासकट. त्यावरून गुरुत्वत्वरण अगदी बरोबर येत होतं, आणि गोम तिथेच होती. भरीव गोळी घसरत नाही, घरंगळते. तिची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात खर्च होते, त्यामुळे घर्षणरहित उतारावर घसरणाऱ्या वस्तूच्या तुलनेत तिचं त्वरण पाच सप्तमांशच असतं. लेखकाने प्रयोग केलाच नव्हता, आकडे घरी बसून भरले होते. हा हिशेब करायला पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित पुरतं आणि पडताळायला एक लांब फळी, गोट्या आणि मोबाइल. आपल्या जर्नलांतली किती कोष्टकं या कसोटीला उतरतील, कोण जाणे.

फाइनमनने दिलेली उपमा भाषेचीच होती: ग्रीक शिकलेली मुलं, ज्यांना शब्द येतात पण त्या शब्दांत सॉक्रेटिस काय म्हणाला हे उमगत नाही. मला वाटतं, भाषेच्या पहिल्या सत्राचं मोल इथेच आहे. सूत्रं पाठ करून भौतिकशास्त्रात पदवीपर्यंत निभावतं. नवशिक्यांच्या भाषेच्या वर्गात समोरच्याने साधं नाव-गाव विचारलं की तीस सेकंदांत सोंग उघडं पडतं.

मराठी मुलांना पोर्तुगीज तशी जड जाऊ नये. खुर्चीला लिंग असतं हे ऐकून इंग्रज माणूस चक्रावतो. आपण तीन लिंगं सांभाळतो, तिथे दोनच आहेत. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, चांगला-चांगलीसारखंच. अनुनासिक स्वर मात्र घोटून घ्यावे लागतात. कोकणी येणाऱ्याला ते सोपे जातात. ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘इश्तार’. मी मराठी आहे, यासाठी पहिलं. मी दमलोय, यासाठी दुसरं. यात सुरुवातीला सगळेच अडखळतात.

पोर्तुगीज शिकून नोकरी मिळेल असं मात्र कोणी सांगू नये. ब्राझील २०२४ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य झाला, भारत २०१७ पासून आहे, पण दोन्हीकडचे शोधनिबंध इंग्रजीतच निघतात. ज्याला पोर्तुगीजमध्ये खोल जायचं आहे त्याने गोवा गाठावा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकता येते. शिवाय पणजीच्या पुराभिलेखागारात मराठ्यांशी झालेल्या व्यवहाराचे पोर्तुगीज कागद आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यांवर जन्मभर काम केलं, तरी वाचायचे बरेच उरले आहेत. हे कागद भौतिकशास्त्राच्या पदवीधराने वाचू नयेत असा नियम कुठेही नाही.