पडणारी पापणी आणि थकणारा स्नायू

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. सभोवार उसाचे फड. अशा भागात एखाद्याच्या पापण्या अचानक खाली येऊ लागल्या, तर जाणत्या मंडळींना प्रथम आठवतो तो नाग किंवा मण्यार. आणि ते योग्यच आहे. या सर्पांच्या विषाने पापण्या पडतात, गिळता येईनासे होते आणि पुढे श्वास अडतो. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री झोपेत होतो व त्याची खूणही दिसत नाही. म्हणून काही तासांत पापण्या पडल्या, तर सर्पदंशाचीच शंका धरून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात हलविले पाहिजे.

परंतु पापणी पडण्याची आणखी एक रीत आहे. सकाळी डोळा नीट उघडतो, दुपारी जड होतो, सायंकाळी अर्धा मिटतो. रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी पुन्हा पूर्ववत. असे आठवडेच्या आठवडे चालते. रस्त्यावरून येणारी एक गाडी दोन दिसू लागते. चष्मा बदलून उपयोग होत नाही. पुढे कित्येकांना भाकरी चावताना मध्येच जबडा थकतो, पाणी नाकातून परत येते, केस विंचरताना हात वर राहत नाही. या विकारास मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. तो संसर्गजन्य नाही आणि सामान्यतः आनुवंशिकही नाही. चाळिशीच्या आतील स्त्रिया व साठीच्या आसपासचे पुरुष यांत तो अधिक आढळतो. दहा लाख लोकांमागे सुमारे १५० ते २०० रुग्ण असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात असे काही शेकडा रुग्ण असावयास हवेत.

सर्पदंश आणि हा विकार यांच्या लक्षणांत साम्य असणे हा योगायोग नव्हे. मज्जातंतूचे टोक स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, फट ओलांडून स्नायूवरील ग्राहींना भिडते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम होताच एक एन्झाइम त्या रसायनाचे विघटन करते. नागाचे विष या ग्राहींनाच अडविते. मायस्थेनियात हेच काम रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातील प्रतिपिंडे करतात. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा चुकून घरच्यांवरच उलटते आणि ग्राहींची संख्या घटते. पहिल्या काही हालचाली जमतात; रसायनाचा साठा ओसरू लागला की उरलेले ग्राही पुरे पडत नाहीत.

इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथील रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांना १९३४ साली असे जाणवले, की या रुग्णांची अवस्था क्युरारे या विषाने दुबळ्या झालेल्या माणसासारखी आहे. तेव्हा त्या विषावरील उतारा, फायझोस्टिग्मीन, त्यांनी रुग्णास टोचला आणि मिटलेली पापणी उघडली. आजही दिली जाणारी पिरिडोस्टिग्मीनची गोळी त्याच वर्गातील आहे. मूळ दोष ग्राहींचा आहे हे मात्र १९७३ मध्ये स्पष्ट झाले, आणि ते ग्राही मोजण्यास उपयोगी पडले ते मण्यारीच्या कुळातील एका तैवानी सर्पाचे विष!

ही गोळी ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला रोखते. शेतात फवारली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकेही तेच करतात, मात्र फार तीव्रतेने. म्हणून रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या वाढविल्या, तर लाळ गळणे, घाम, पोटात कळा आणि उलट अधिक अशक्तपणा, अशी फवारणीच्या विषबाधेसारखी लक्षणे दिसतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली, तर चावणे व गिळणे सुकर होते, ही साधी गोष्ट पुष्कळांना कोणी सांगितलेलीच नसते. प्रतिपिंडांना आवर घालण्यासाठी प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रीन यांसारखी औषधे, तर काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

या विकाराचा सर्वांत मोठा जाच असा, की तो आळसासारखा दिसतो. शिक्षक पहिल्या तासाला खणखणीत बोलतात. चौथ्या तासाला आवाज नाकातून येऊ लागतो आणि फळ्यावरचा हात खाली घसरतो. दुपारच्या सत्रात मान टेकणारा विद्यार्थी शिक्षेस पात्र ठरतो. कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी सकाळी दहा वाजता होते आणि तो धडधाकट असल्याचा शेरा पडतो. शेरा लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घटका मात्र चुकीची असते. अशा व्यक्तीस एक-दोन मिनिटे छताकडे एकटक पाहावयास सांगावे. पापण्या हळूहळू ढळू लागल्या, तर शंकेस जागा आहे. मिटलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे ठेवल्यावर ती उचलली गेली, तर शंका बळावते. पुढील निदान रक्ततपासणी व मज्जातंतूंच्या विद्युत् चाचणीने होते. त्यासाठी रुग्णास सोलापूर किंवा पुणे येथील मज्जातंतुविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. कामाच्या बाबतीत, अवघड तास सकाळी देणे, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देणे आणि भर उन्हातील काम टाळणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण उष्णतेने दुर्बलता वाढते. चित्रपट अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८४ साली हा विकार जडल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर त्यांनी अनेक दशके काम केले.

धोका आहे तो श्वासाचा. ताप, छातीचा संसर्ग किंवा अयोग्य औषध यांमुळे श्वसनाचे स्नायू अचानक थकू शकतात. एका दमात वीसपर्यंत अंक मोजता येईनासे झाले, आडवे पडताच घुसमट होऊ लागली किंवा लाळही गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

अयोग्य औषधे कोणती, हे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ठाऊक असणे अगत्याचे आहे. जेंटामायसिन व स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने, सिप्रोफ्लॉक्सासिन व अझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके, क्विनीन, रक्तदाबावरील काही गोळ्या, यांनी दुर्बलता वाढते. गरोदरपणातील झटक्यांवर एरवी जीव वाचविणारे मॅग्नेशियम सल्फेट या स्त्रियांना घातक ठरू शकते. शिवाय त्यांच्या नवजात बालकासही काही आठवडे दूध ओढण्याची शक्ती कमी असू शकते. त्यामुळे विकाराचे नाव, चालू गोळ्या आणि टाळावयाची औषधे लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी, तिची एक प्रत घरी राहावी आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत ती गावच्या आशा कार्यकर्तीकडे व प्रसूतीच्या नोंदपत्रासोबतही असावी.