विश्लेषण : नेवारांचा ‘तायो’ चिंचेने का घासू नये?

काठमांडू खोऱ्यातील नेवार घरात मुलीचा ‘इही’ संस्कार ठरला, की ठेवणीतला दागिन्यांचा डबा बाहेर निघतो. घोटाळा होतो तो इथेच. काळवंडलेला दागिना चमकवण्याच्या घाईत त्यावरचे सोनेच घासले जाते.

दागिने कोणते?

इहीत लहान मुलीचे लग्न बेलफळाशी लावतात. नेवारांच्या मंगलकार्यातील मानाचा दागिना म्हणजे तायो, गळ्यात घालायचे मोठे, पोकळ, नक्षीदार पदक. नवरी तो घालते. जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या कुमारीच्या गळ्यातही तो असतो. डोक्यावर लुंस्वां. नेपाळ भाषेत ‘लुं’ म्हणजे सोने, ‘स्वां’ म्हणजे फूल. पायात चांदीच्या जाड कल्ली.

सोने जाते कसे?

तायो पिवळाधमक दिसला तरी अनेकदा आत तांबे असते. कारागीर पत्रा ठोकून नक्षी उठवतात. मग पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा लेप देऊन दागिना तापवतात. पारा उडून जातो, सोने तांब्याला धरून राहते. पाटणमध्ये मूर्तींवरही असाच मुलामा देतात. हा थर अगदी पातळ असतो. राख, टूथपेस्ट किंवा चिंच लावून घासले, की नक्षीचे उंचवटे आधी झिजतात आणि लालसर तांबे डोकावते. आपल्याकडच्या ‘एक ग्रॅम’ दागिन्यांचे असेच होते, पण ते नवे घेता येतात. आजीचा तायो नाही. मुलामा पुन्हा देता येतो. मात्र पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ते काम जाणकार कारागिराचेच.

मग करायचे काय?

खरे तर फार थोडे. कार्य आटोपल्यावर खाचांतला शेंदूर मऊ, कोरड्या ब्रशने झटकावा आणि सुती कापडाने हलकेच पुसावे. पोवळे, मोती, फिरोजा असेल तर साबण आणि अत्तर दूर ठेवावे. फिरोजा तेलही शोषतो आणि त्याचा रंग बदलतो. खडे लाखेत बसवलेले असतील तर गरम पाणी नकोच. लाख मऊ पडून खडे निखळतात.

कल्लीची चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. खोलगट भागातला काळेपणा राहू द्यावा, त्यानेच नक्षी उठून दिसते. प्रत्येक दागिना वेगळ्या सुती कापडात गुंडाळावा. रबरबँड लावू नये, त्यातही गंधक असते. आणि मुलीच्या गळ्यात घालण्याआधी तायोचा दोरा ओढून पाहावा. धातू टिकतो, दोरा कुजतो.