साग इथला, नक्षी कुठली?

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झालं. त्यावरची नक्षी मात्र तामिळनाडूच्या कारागिरांनी कोरली. चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव लाकडासाठी, कलाकुसरीसाठी दुसऱ्यांचं, हे जुनंच दुखणं.

खरं तर नमुने शोधायला लांब जायला नको. शेजारच्या बस्तरात गोटुलातले (तरुणांच्या सामायिक घरातले) मुरिया आदिवासी मुलगे मुलींना देण्यासाठी लाकडी फण्या कोरत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या मुरियांवरील ग्रंथात त्यांची सविस्तर नोंद केली आहे. त्रिकोण, नागमोडी रेघा, एकात एक चौकटी: सगळं सरळ कापांचं काम. नवशिक्या सुताराने इथूनच सुरुवात करावी, वेलबुट्टी नंतर.

वेलबुट्टीकडे वळायचं तर मराठी वाड्यांतले सुरूच्या आकाराचे खांब आणि छताखाली लटकणारी केळफुलं पाहावीत. नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीव कामाने नटलेला होता. १८६४ मध्ये तो जळाला. गडचिरोलीतल्या मार्कंडा देवळातली दगडी नक्षीही उतरवून घेण्याजोगी आहे, फक्त खोली कमी ठेवा, लाकडाला रेषा असतात.

सागात सिलिकाचे कण असतात. त्यामुळे पटाशीची धार लवकर बोथटते, म्हणून धारेचा दगड हाताशी हवा. लाकूड तेलकट, त्यामुळे सांध्याचा पृष्ठभाग ताजा रंधून लगेच डिंक लावावा.