डफसाहेबाला उत्तर

1826 साली लंडनमध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापून आला. लेखक होता जेम्स ग्रँट डफ, साताऱ्याच्या दरबारात कंपनी सरकारचा रेसिडेंट राहिलेला कप्तान. चारच वर्षांनी, 1830 मध्ये, फालमरायर नावाच्या जर्मन अभ्यासकाने ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मोरिया द्वीपकल्पाच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. डफवर पुण्याच्या दोन पिढ्या जळफळल्या, फालमरायरवर अथेन्सच्या. त्या जळफळाटातूनच दोन्हीकडे राष्ट्रवादाची बौद्धिक बाजू उभी राहिली.

फालमरायरने वेळही अशी साधली की ग्रीकांच्या वर्मी घाव बसावा. 1821 पासून तुर्की सत्तेशी झुंजून ग्रीस नुकताच स्वतंत्र होत होता. बायरनसारखा कवी या लढ्यासाठी घरदार सोडून आला आणि 1824 मध्ये मिसोलाँगी इथे तापाने मेला. सारा युरोप या लोकांकडे होमर-पेरिक्लीसचे वंशज म्हणून पाहत होता. आणि हा गृहस्थ म्हणाला की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही. स्लाव आणि अल्बेनियन टोळ्यांनी जुनी वस्ती केव्हाच पुसून टाकली आहे.

डफ इतका कडवट नव्हता. उलट त्याने मेहनत घेऊन कागद जमवले, नकला करवून घेतल्या, आणि त्याच्याइतका सलग इतिहास त्यापूर्वी कोणी लिहिलाच नव्हता. पण सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसे मराठे एकाएकी उठले, लुटालूट करीत पसरले आणि विझले, असा त्याच्या मांडणीचा सूर होता. त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ म्हणून शाळांतून गेले. म्हणजे पेशवाई बुडालेली आजोबांनी डोळ्यांनी पाहिली आणि ती का बुडाली हे नातवंडे साहेबाच्या पुस्तकातून शिकली.

पहिले उत्तर आले एका विद्यार्थ्याकडून. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867-68 च्या सुमारास डफच्या बखरीवर टीका लिहिली. सूर सभ्य होता, प्रश्न मात्र नेमके होते: हे विधान कशावरून? तो कागद कुठला? पुढे इतिहास संशोधनाचा जो डोलारा पुण्यात उभा राहिला त्याचा पाया या ‘कशावरून’मध्ये आहे. अभिमान डफच्या आधीही होता. डफमुळे त्याला पुरावा शोधावा लागला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि ‘इतिहास’ या निबंधात इंग्रज इतिहासकारांची यथास्थित हजेरी घेतली. शास्त्रीबुवांची भाषा बोचरी, पण ते नुसते बोचरे लिहून थांबले नाहीत. 1878 मध्ये काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साथीने ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि बखरी, पत्रे, यादी छापून लोकांच्या हाती पडू लागल्या. त्याच साली चित्रशाळा, 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, 1881 मध्ये केसरी आणि मराठा. 1882 च्या मार्चमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेलेही. इतक्या थोड्या अवधीत इतका मोठा पसारा मांडणारा दुसरा माणूस पुण्याने पाहिलेला नाही, आणि हे मी त्यांची बरीच मते न पटूनही म्हणतो.

ग्रीसमध्ये हेच काम कॉन्स्टँटिनोपलला जन्मलेल्या, अथेन्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने केले. पापारिगोपुलोस याने 1860 ते 1874 या काळात ‘ग्रीक राष्ट्राचा इतिहास’ पाच खंडांत लिहून काढला. त्याची खुबी मधल्या काळात आहे. त्याआधीचे कोराईससारखे सुधारक प्राचीन ग्रीसवर जीव टाकत आणि मधले हजार वर्षांचे बायझंटाइन साम्राज्य म्हणजे भिक्षूंचा अंधार समजून सोडून देत. पापारिगोपुलोसने तो अंधारच आपला म्हटला. प्राचीन, बायझंटाइन आणि अर्वाचीन अशी एकच अखंड परंपरा त्याने दाखवली आणि फालमरायरचा प्रश्न रक्तावरून संस्कृतीवर नेऊन ठेवला.

पुण्यात असा मधला दुवा जोडला न्यायमूर्ती रानड्यांनी. त्यांचे ‘मराठा सत्तेचा उदय’ हे इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये आले. वणवा नव्हे, नांगरलेली जमीन, असे त्यांचे सार सांगता येईल. ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंतच्या संतांनी जातीपातींच्या वर एक भाषा, एक भक्ती, एक मन तयार केले. शिवाजी महाराजांनी त्यावर राज्य उभारले. राजकारणाशी संबंध नाही म्हणून बाजूला ठेवलेली संतपरंपरा रानड्यांनी राष्ट्राच्या इतिहासात आणून बसवली. पुढचा खंड लिहून व्हायच्या आत, जानेवारी 1901 मध्ये, ते निवर्तले.

हे सर्वांना पटले असे समजू नये. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांचे मत अगदी उलटे. संतांनी माणसे पंगू केली, असे म्हणायलाही ते कचरले नाहीत. पण राजवाडे मतांसाठी नव्हे, कागदांसाठी लक्षात ठेवावेत. वाईला मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पानिपताकडे नेणारी वर्षे त्या काळच्या माणसांच्याच तोंडून ऐकू आली. मग पुढची पंचवीसेक वर्षे हा माणूस गावोगाव हिंडला. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, कुठे उंदरांच्या तावडीत सापडलेले रुमाल त्याने सोडवून आणले. इंग्रजी उत्तम येत असून लिहायचे मराठीतच, हा त्याचा हट्ट.

रुमाल म्हणजे काय, हे नव्या वाचकाला सांगायला हवे. जाडसर कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. सोडले की घडी घातलेले लांब, अरुंद कागद निघतात. मोडी लिपीची ओळ आधी डावीकडून उजवीकडे आडवी आखलेली आणि तिच्याखाली बोरूने न थांबता ओढलेली अक्षरे. दोन शब्दांमध्ये जागा नाही. वर ‘श्री’, मग ‘राजश्री’पासून सुरू होणारा मायना, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि शिक्का. तारीख पाहिली की मात्र माणूस थबकतो. पेशव्यांच्या, म्हणजे कोकणस्थ ब्राह्मणांच्या, दफ्तरातला कारकून ‘छ’ काढून मोहरम-सफरचा चंद्र मोजतो आणि साल लिहितो ‘इहिदे सबैन मया व अलफ’. अकराशे एकाहत्तर, अरबी अंक, शुहूर सन, इसवीचे 1770-71. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्द बाजूला काढण्याचा घाट घातला. तरी शंभर वर्षांनी शनिवारवाड्यात हा सन नांदतोच आहे. हिंदवी स्वराज्याचा पुरावा म्हणून हे रुमाल सोडायचे, तर त्यांच्याबरोबर हेही बाहेर येणार. कागद निवडून बोलत नाही.

सरकारला हे कागद वेगळ्याच कारणाने धोक्याचे वाटत. पेशवे दफ्तर इंग्रजांनी ताब्यात घेतले ते इनामांची छाननी करायला. ते खुले केले तर जो तो आपल्या जमिनीचा दाखला काढून दारात उभा राहील, ही भीती. रानड्यांनी खटपट करून रोजनिशांतले उतारे काढण्याची वाट करून दिली. दफ्तरातले निवडक कागद छापून यायला 1930 उजाडावे लागले; गो. स. सरदेसायांनी चार-पाच वर्षांत 45 भाग काढले. त्याआधी, 7 जुलै 1910 रोजी, राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले होते. राजवाड्यांचे पुढे मंडळाशी बिनसले आणि ते निघून गेले. पुण्याच्या संस्थांचा हा धर्मच म्हणायचा.

या साऱ्यात एक प्रश्न बाहेर उभा होता आणि तो विचारणारा पुण्यातच राहत होता. 1869 मध्ये, निबंधमालेच्या पाच वर्षे आधी, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला आणि त्यांना कुळवाडीभूषण म्हटले, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा. 1885 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली तेव्हा रानड्यांनी बोलावूनही ते गेले नाहीत. आमच्या लोकांच्या पुस्तकांशी तुमच्या सभांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी कळवून टाकले. माणसे एकमय झाल्याशिवाय राष्ट्र कसले, हा त्यांचा सवाल. ग्रीसमध्येही चौकटीबाहेर राहिलेले होतेच. 1821 च्या समुद्री लढायांत ज्यांची गलबते झुंजली त्या हिद्रा बेटाच्या कप्तानांची घरची बोली अल्बेनियन होती. पापारिगोपुलोसच्या अखंड परंपरेत ते ग्रीक वीर म्हणून आले. त्यांची बोली मागे राहिली.

भाषेवरून तर तिथे मुडदे पडले. बायबलातल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे बोलीभाषेतले रूपांतर अथेन्सच्या एका दैनिकात छापले गेले म्हणून नोव्हेंबर 1901 मध्ये विद्यार्थ्यांनी दंगल केली, आठ माणसे मेली, पंतप्रधानाला जावे लागले. रूपांतरकार अलेक्झांद्रोस पालिस हा कापसाच्या व्यापारातल्या रॅली ब्रदर्सचा माणूस आणि त्याची बरीच वर्षे आपल्या मुंबईत गेलेली. त्याची मुलगी 1882 मध्ये मुंबईत जन्मली. चिपळूणकर गेले ते हेच साल. बोरघाटाच्या दोन अंगांना दोन भाषाभिमानी राहत होते, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले.

आमच्याकडे इतिहासावरून माणसे तुरुंगात गेली. जून 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या सावटाखाली शिवोत्सव झाला. प्राध्यापक भानूंनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले, टिळक अध्यक्षस्थानावरून बोलले आणि केसरीत त्याचा वृत्तांत आला. आठवडाभरात, 22 जूनला, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात हाच मजकूर पुरावा म्हणून वाचला गेला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. 1659 मधल्या घटनेची चर्चा 1897 मध्ये गुन्हा ठरली. सरकार निदान एवढे समजून होते की हे लोक जुन्याबद्दल बोलत नाहीत.

पण टिळकांची मला सर्वात मोठी वाटणारी गोष्ट याच्या पुढची आहे. शिवजयंती वैशाखातली आणि जन्म 1627 मधला, असे तेव्हा सर्रास धरले जाई. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली टिळकांच्या हाती आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 निघाली. ज्याने उत्सव घराघरांत पोचवला त्याच माणसाने 1916 मध्ये ही शकावली मंडळातर्फे छापून दिली. कागद दडपणे सोपे होते, त्यांनी ते केले नाही. ग्रीसचा राष्ट्रीय दिन 25 मार्च. तो 1838 मध्ये राजा ओटोने ठरवला, मेरीच्या सणाला जुळवून. त्या दिवशी आग्या लाव्रा मठात बिशपने झेंडा उभारला, ही कथा इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढली, आणि मुळात लढाया काही दिवस आधीच सुरू झाल्या होत्या. आपल्याकडे तारीख-तिथीचा वाद अजून चालतो आणि जयंती दोनदा साजरी होते. पण तिच्यामागे वाचता येईल असा कागद आहे.

अभिमानापेक्षा पुरावा मोठा, हा न्याय राजवाड्यांनाही लागला. कायस्थ प्रभूंच्या इतिहासातल्या वाट्यावर त्यांनी शेरे मारले, तेव्हा प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्यांना पुराव्यानिशी झोडले. आणि स्वतः राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासात वेदकाळातल्या स्त्री-पुरुष संबंधांबद्दल जे मांडले ते छापले जाऊ लागताच सनातन्यांनी गहजब केला. ग्रंथ पुस्तकरूपाने यायला 1976 साल उजाडले. राष्ट्राभिमानात त्यांच्यापुढे कोणी जाऊ शकत नव्हते. तरी पुरावा नेईल तिकडे ते गेले.

पापारिगोपुलोसच्या अखंड परंपरेला मात्र कोणी लगाम घातला नाही. बायझँटियम आपले, तर कॉन्स्टँटिनोपलही आपले, या ‘महान कल्पने’मागे ग्रीस धावत राहिला. 1922 मध्ये आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा धुव्वा उडाला आणि पुढच्या वर्षीच्या लोझान करारांनी सुमारे बारा लाख ख्रिस्ती तुर्कस्तानातून आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान ग्रीसमधून उपटून इकडचे तिकडे केले. त्याचा दोष एका प्राध्यापकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण सैन्य निघाले त्या वाटेचा नकाशा पुस्तकात आधी काढलेला होता.

आपल्याकडे नकाशा नव्हे, कागदच फाडले गेले. 5 जानेवारी 2004 रोजी एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या रागाने जमाव लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत घुसला; पुस्तकांची, पोथ्यांची नासधूस झाली. पुस्तकातला मजकूर निषेधार्हच होता, असे मानू. डफलाही लोकांनी कमी शिव्या घातल्या नव्हत्या. पण कीर्तन्यांनी त्याला उत्तर लिहिले आणि राजवाड्यांनी त्यासाठी बावीस खंड काढले. ग्रंथालयात तोडफोड करणे हे उत्तर नव्हे, उत्तर देता येत नसल्याची कबुली आहे.

उत्तरे अजून बाकी आहेत, कारण न वाचलेला कागद अजून ढिगाने पडून आहे. पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारे थोडे. मोडीचे वर्ग शहरात चालतात. ज्याला शनिवार-रविवार मोकळा आहे त्याने जावे. आणि गावच्या घराची वाटणी होताना माळ्यावरून कापडात बांधलेले गाठोडे खाली आले, तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी सदाशिव पेठेत मंडळात नेऊन दाखवा.