नक्षी सगळ्यांची, किल्ली कंपनीची

‘ओहायो स्टार’ नावाची क्विल्टची एक जुनी नक्षी आहे. नऊ इंचांच्या चौकोनात तीन बाय तीनची घरं. चार कोपरे आणि मधलं घर साधं. उरलेल्या चार घरांत त्रिकोण असे बसवायचे की सगळं मिळून आठ टोकांची चांदणी दिसते. बघायला सोपी, पण कात्री हातात घेतली की हिशेब सुरू होतो. प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जाणार, म्हणून तीन इंचांच्या घराला साडेतीन इंचांचा तुकडा कापायचा. त्रिकोणांसाठी सव्वाचार इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर छेदायचा, तेव्हा कुठे शिवल्यावर माप जुळतं. पलंगभर, म्हणजे ७२ बाय ९० इंचांच्या क्विल्टला अशा ८० चांदण्या लागतात. त्यात साधे तुकडे ४०० आणि त्रिकोण १,२८०. एका तुकड्यात सूतभर चूक झाली, तर ओळ संपेपर्यंत ती अंगावर येते.

आपल्या गोधडीला हे गणित लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थर, वर हाताला येतील ते तुकडे, आणि कडेकडेनं आत वळत जाणारा धावदोरा. अमेरिकेतही अलाबामामधल्या गीज बेंडच्या बायकांनी अशाच मनानं रचलेल्या क्विल्टना संग्रहालयांत जागा मिळवून दिली. मात्र चौकोनाला चौकोन जोडून होणाऱ्या क्विल्टची आखणी आधी व्हावी लागते. कित्येक पिढ्या ती आलेखाच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी होत असे. मग संगणक आला आणि त्याच्यासोबत परवानाही आला.

कागदावरून पडद्यावर

या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’. ओहायो राज्यातल्याच बोलिंग ग्रीन गावातली ही कंपनी. पेनी मॅकमॉरिस क्विल्टविषयीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम करत. त्यांनी आणि त्यांचे पती डीन न्यूमन यांनी मिळून ती उभी केली. पहिली आवृत्ती १९९१ची, सातवी २०१०ची, आठवी २०१७ची. अशा प्रोग्राममध्ये नक्षी निवडायची, आपल्याकडच्या कापडाचा फोटो तिच्यात भरायचा, माप बदललं की सगळ्या तुकड्यांची मापं आपोआप बदलतात. कुठल्या रंगाचं कापड किती लागेल तेही कळतं आणि कापायचे साचे छापून मिळतात. पेन्सिलीनं आठवडाभर चालणारं काम तासाभरात होतं. म्हणूनच हे प्रोग्राम बायकांनी आनंदानं विकत घेतले.

त्यांत भरलेल्या नक्षी मात्र कुणा एका कंपनीच्या नाहीत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्रानं १९२८ ते १९६१ या काळात क्विल्टच्या नक्षी छापल्या. त्यातल्या कितीतरी वाचक बायकांनीच पाठवलेल्या होत्या. त्याच्याही आधी सेंट लुईसची ‘लेडीज आर्ट कंपनी’ टपालानं नक्षींची यादी विकत होती. बार्बरा ब्रॅकमन यांनी वर्षानुवर्षं असं साहित्य धुंडाळलं, चार हजारांहून अधिक नक्षींना क्रमांक दिले आणि त्यांचा कोश केला. पुढे तोच कोश ‘ब्लॉकबेस’ या नावानं संगणकावर आला. या वारशाचा धागा आज्या-पणज्यांच्या कपाटापर्यंत जातो. त्यामुळे याच चांदण्या आखण्यासाठी एखाद्या प्रोग्रामनं ‘तुमच्या परवान्याची मुदत संपली’ असं सांगितलं, की राग दुप्पट होतो.

कुलपाच्या चार पिढ्या

पहिली पिढी क्रमांकाची. डब्यावर छापलेले अंक टाकले की प्रोग्राम उघडे. दुसरी डोंगलची. संगणकाला मागून खोचायचा बोटाएवढा तुकडा, तो नसेल तर प्रोग्राम ढिम्म. यंत्रावरच्या भरतकामाच्या महागड्या प्रोग्रामांनी ही पद्धत फार वापरली. डोंगल हरवला तर सबंध किमतीवर पाणी, अशी परिस्थिती. तिसरी ॲक्टिव्हेशनची. प्रोग्राम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, ‘हा संगणक आपला का?’ एका परवान्यावर बहुधा एक-दोन संगणकच चालतात. नवा घेतला तर आधी जुन्यावरून परवाना सोडवायचा. आणि जुना बंदच पडला असेल तर कंपनीला गाठून विनवणी करायची. चौथी पिढी वर्गणीची. ‘प्रीक्विल्ट’सारखे काही प्रोग्राम थेट ब्राउझरमध्येच चालतात आणि पूर्ण सोयींसाठी वर्गणी मागतात.

पिढीगणिक कुलूप घराबाहेर सरकत गेलं आहे. क्रमांक कपाटात होता, डोंगल टेबलावर. आता किल्ली दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर असते, आणि तो सर्व्हर चालू ठेवायचा की नाही, हे कंपनी ठरवते.

याची झळ क्विल्टवाल्यांना जास्त लागते, कारण त्यांचं काम लांब पल्ल्याचं. एक क्विल्ट दोन-तीन वर्षंही चालते. हौस पुष्कळदा निवृत्तीनंतरची. शिवणयंत्र वीस वर्षं टिकतं आणि मुलीकडे जातं. कापडाचा साठा सुनेकडे किंवा मैत्रिणीकडे जातो. प्रोग्राम मात्र बहुतेक करारांत ‘हस्तांतरणीय नाही’. बाई गेल्या, त्यांच्या शंभर आखण्यांच्या फाइली उरल्या, आणि त्या उघडणारा प्रोग्राम घरातल्या कुणाच्या नावावर नाही, असं होऊ शकतं.

विकत घेतलं म्हणजे काय?

हा वाद संगणकाहून जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकानं ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली होती, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला कुणी ही विकू नये. मेसीज या दुकानानं ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये निकाल लागला: पुस्तक एकदा विकल्यावर त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची हुकमत चालत नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं याच तत्त्वावर उभी आहेत.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी यातून वाट काढली: आम्ही प्रत विकतच नाही, वापराचा परवाना देतो. टिमथी व्हर्नर या गृहस्थांनी एका वास्तुरचना कंपनीकडून ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती घेऊन ईबेवर विकायला काढल्या, तेव्हा ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं हेच म्हटलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली. दोनच वर्षांनी युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं ओरॅकलच्या खटल्यात उलटा कौल दिला: पैसे एकदाच घेऊन बेमुदत परवाना दिला असेल तर ती विक्रीच, आणि घेणारा तो पुढे विकू शकतो. म्हणजे तोच व्यवहार अटलांटिकच्या एका काठावर परवाना आणि दुसऱ्या काठावर विक्री.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा वापरणाऱ्याला बऱ्यापैकी सांभाळतो. कलम ५२ नुसार, प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. घरगुती, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करण्याचीही मुभा आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका करविषयक निकालात म्हटलं, की तयार सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याकडे कॉपीराइट जात नाही, त्यानं दिलेले पैसे ही मालाची किंमत असते. निकाल करापुरता असला तरी ‘माल’ हा शब्द ग्राहकाच्या कामाचा आहे.

कुलूप तोडण्याचं काय? अमेरिकेत १९९८च्या कायद्यानं प्रोग्रामचं डिजिटल कुलूप फोडणं बेकायदा ठरवलं. पण ठरावीक काळानं काही अपवाद जाहीर होतात. २००३, २००६ आणि २०१० या तिन्ही फेऱ्यांत एक अपवाद डोंगलचा होता: तो बिघडला असेल आणि बाजारात बदली मिळत नसेल, तर कुलूप चुकवून प्रोग्राम चालवणं गुन्हा नाही. भारतात २०१२च्या दुरुस्तीनं असंच कलम आणलं, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. मात्र कॉपीराइटच्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असेल तरच ते लागू होतं.

बायका ऐकून घेत नाहीत

कराराची भाषा ठरवायला ग्राहक बसत नाहीत, पण ती मोडून काढू शकतात. क्रिकट हे कागद आणि कापड कापणारं घरगुती यंत्र. कापडाचे आकार कापून वर शिवणाऱ्या क्विल्टवाल्याही ते वापरतात. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की वर्गणी न भरणाऱ्यांना स्वतःची फक्त २० चित्रं दरमहा प्रोग्राममध्ये चढवता येतील. यंत्राचे पैसे आधीच मोजलेले, चित्र आपलं, आणि चढवण्यावर मर्यादा! इतका गदारोळ झाला, की आठवडाभरात कंपनीनं निर्णय मागे घेतला. त्याच महिन्यात तिचे शेअर बाजारात यायचे होते, हेही विसरून चालणार नाही.

२०२२ च्या अखेरीस फोटोशॉप वापरणाऱ्यांना वेगळाच धक्का बसला. फोटोशॉपची कंपनी ॲडोबी आणि रंगांना प्रमाण क्रमांक देणारी पँटोन यांच्यातली व्यवस्था संपली आणि जुन्या फाइलींतले पँटोनचे रंग काळे दिसू लागले. ते परत हवे तर पँटोनची वेगळी वर्गणी भरा. आपणच केलेली फाइल, आपल्याच संगणकावर, आणि त्यातला लाल रंग कुणाच्या तरी करारामुळे काळा!

मराठी छापखान्याला हे नवं नाही

महाराष्ट्रातल्या प्रकाशकांना हे दुखणं ओळखीचं आहे. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींनी मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण युनिकोडपूर्व काळात प्रत्येक प्रणालीचं अक्षर साठवण्याचं गणित वेगळं होतं. त्यात कुणाचा डाव नव्हता, सर्वांनी वापरावं असं प्रमाणच तेव्हा रुळलं नव्हतं. आज तेव्हाची फाइल योग्य फाँटशिवाय उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा बुजबुजाट दिसतो. रूपांतर करणारं साधन शोधायचं, मग र-कार, रफार नि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासायची. पुस्तक लेखकाचं, पैसे प्रकाशकाचे, पण मजकूर अडकला साठवणीच्या पद्धतीत.

क्विल्टची फाइलही अशीच अडकते. इलेक्ट्रिक क्विल्टच्या आठव्या आवृत्तीत जतन केलेलं काम सातवीत उघडत नाही. भरतकामात ‘डीएसटी’ हा प्रकार जवळपास सगळी व्यावसायिक यंत्रं वाचतात, पण त्यात नुसते टाके असतात: सुई इथून तिथे जा, इतकंच. पाकळीचा आकार, टाक्याची घनता, नंतर बदल करायची सोय, हे सगळं प्रत्येक कंपनीच्या खासगी फाइलीत राहतं. टाके तुमच्या हाती, आखणी त्यांच्या.

कंपन्यांचंही ऐकू या

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. क्विल्टचा बाजार लहान, आणि एक प्रत घेऊन मंडळातल्या पंधरा जणींनी वापरली तर कंपनी जगणार कशी? शिवाय पायाखालची जमीन सरकत असते. ॲपलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकची कॅटलिना ही नवी कार्यप्रणाली आणली आणि ३२ बिटचे जुने प्रोग्राम मॅकवर एका फटक्यात बंद पडले. नव्यानं लिहिण्याचा खर्च त्या त्या कंपनीलाच पडला. एकदा पैसे घेऊन दहा वर्षं दुरुस्त्या पुरवणं अवघडच. इलेक्ट्रिक क्विल्टची आठवी आवृत्ती वर्गणीवर नव्हे, एकरकमी किमतीला विकली गेली, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

म्हणून वर्गणी वाईट आणि एकरकमी चांगली, अशी सरळ वाटणी करून भागणार नाही. प्रोग्रामला कुलूप लावायचा कंपनीला हक्क आहे. माझ्या कामाला लावायचा नाही. आजचे बहुतेक करार या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि खरं भांडण तिथे आहे.

पैसे मोजण्याआधी चार प्रश्न विचारून घ्यावेत. संगणक बदलला तर परवाना नव्यावर नेता येतो का, आणि जुना मेला असेल तर? इंटरनेट नसताना प्रोग्राम किती दिवस चालतो? वर्गणी थांबवली तर जुन्या फाइली निदान बघता आणि छापता येतात का? आणि एसव्हीजी, पीडीएफसारख्या कुणालाही वाचता येणाऱ्या प्रकारांत काम बाहेर काढता येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर स्वस्त प्रोग्रामही महाग पडतो. ज्यांना शिकायची तयारी आहे त्यांच्यासाठी मुक्त पर्याय आहेतच: चित्रासाठी इंकस्केप, त्यालाच जोडून भरतकामासाठी इंक-स्टिच, कपड्यांच्या साच्यांसाठी सीमली. क्विल्टच्या खास सोयी त्यांत आयत्या मिळत नाहीत, पण तुमची फाइल तुमचीच राहते.

पण सगळं ग्राहकाच्या शहाणपणावर सोडणं बरोबर नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं आहे, की तुम्ही फक्त परवाना देत असाल आणि तो काढून घेता येत असेल, तर ‘विकत घ्या’ या बटणासोबत ते स्पष्ट लिहा. ही सुरुवात झाली. पुढची पायरी ॲडोबीनंच एकदा दाखवली आहे. जानेवारी २०१३ मध्ये सीएस२ या २००५च्या सॉफ्टवेअर-संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना कंपनीनं जुन्या परवानाधारकांसाठी कुलूप नसलेली प्रत उपलब्ध करून दिली. तेव्हा ते कंपनीच्या मर्जीनं झालं. तो नियम झाला पाहिजे: सर्व्हर बंद करायचा असेल, तर ज्यांनी पैसे मोजले त्यांना कुलूप नसलेली प्रत द्या आणि मगच बंद करा. हे कंपनीला परवडतं हे ॲडोबीनं दाखवून दिलंय, त्यामुळे ‘जमणार नाही’ असं म्हणायची सोय आता कुणालाच उरलेली नाही.