डोंगराच्या दोन बाजूंचे दोन रंग

उत्तर वेल्समध्ये एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना पाटीच्या दगडाच्या दोन प्रचंड खाणी होत्या: लॅनबेरिसजवळची दिनॉर्विक आणि बेथेस्डाजवळची पेन्रिन. जेमतेम दोन फुटी रुळांवर दगड वाहणारी दोन्हीकडची कित्येक इंजिनं लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यातली. अंगलटही सारखीच. रंग मात्र वेगळे. दिनॉर्विकची इंजिनं लाल, पेन्रिनची काळी आणि त्या काळ्यावर बारीक रंगीत रेघा.

धुळीत राबणाऱ्या इंजिनांना हा थाट मालकांमुळे आला. पेन्रिनच्या ‘चार्ल्स’ (१८८२), ‘ब्लँश’ आणि ‘लिंडा’ (दोन्ही १८९३) यांना मालकाच्या घरातल्या माणसांची नावं मिळाली. दिनॉर्विकच्या ॲशेटन-स्मिथांना शर्यतीच्या घोड्यांचं वेड. १९१२ची ग्रँड नॅशनल जिंकणाऱ्या ‘जेरी एम’चं नाव तिथल्या एका इंजिनावर आलं. याच पेन्रिनमध्ये नोव्हेंबर १९०० पासून तीन वर्षं कामगारांचा संप चालला आणि अनेक घरं कायमची गाव सोडून गेली. त्या रेघांचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

त्या काळी रंगकाम सावकाश चाले. लोखंडावर आधी शेंदराचा हात, मग लांबी, घासकाम, रंगाचे हात, हाताने ओढलेल्या रेघा आणि वर वार्निश. हे वार्निश जुनं होत पिवळं पडतं. त्यात काजळी मिसळली की लाल विटकरी दिसू लागतो, निळा हिरवटतो. म्हणून एकाच इंजिनाचा रंग दोन जुने कामगार वेगवेगळा सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

फोटोंचाही भरवसा नाही. चकाकीने तपशील हरवू नयेत म्हणून कारखाने नव्या इंजिनाला अनेकदा फोटोपुरता फिका राखी रंग देत. शिवाय फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या काचांना लाल प्रकाश जवळपास दिसतच नसे; लाल रंग काळा उमटे. म्हणजे जुन्या फोटोत दिनॉर्विकचं लाल आणि पेन्रिनचं काळं यांत फरकच उरत नाही.

‘लिंडा’ आणि ‘ब्लँश’ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेस्टिनिओग रेल्वेकडे गेल्या. दिनॉर्विकमध्ये ‘होली वॉर’ हे इंजिन १९६७ पर्यंत राबलं. १९६९ साली खाणच बंद पडली. इंजिनं हौशी मंडळींनी आणि पर्यटक-रेल्वेंनी घेतली, म्हणून वाचली. हे ऋण मोठं आहे. पण नव्या मालकांनी आपापल्या आवडीचे रंग दिले, आणि वाळूच्या माऱ्याने गंज काढताना खालचे थरही गेले.

खरा पुरावा त्या थरांतच असतो. ऊन आणि काजळी न लागलेला रंग नावाच्या पट्टीमागे सापडतो. दुरुस्तीसाठी पट्टी उतरवली की तिथला हातभर पत्रा तरी न घासता ठेवावा आणि थरांची क्रमवार नोंद करावी.